पिकअपचं तेल आणि माझे कान

चार बायका जमल्या की कुणी सुनेचं सांगते, कुणी नळाच्या पाण्याचं. माझी पाळी आली की मी डिफरन्शियलचं सांगते! पहिल्यांदा सगळ्या एकमेकींकडे बघतात. मग कुणीतरी हळूच विचारते, "हा कुठला आजार गं?"

आजार नाही बाई. पिकअप गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनचं फिरणं तिथून दोन्ही चाकांना वाटून मिळतं. तो डिफरन्शियल. त्याच्या आत दातेरी चाकं असतात आणि ती तेलात बुडालेली असतात. तेल कुठलं घालायचं, एवढाच काय तो प्रश्न! पण त्या प्रश्नावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या मंडळींत मिळूनसुद्धा झाली नसेल.

असे किस्से जमवायला जावं लागत नाही. तेलाच्या डब्याखाली कितीही पुसा, डाग पडतोच. तसे ते पडत राहतात.

* * *

आमचे हे गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. शेकडो माग एकदम चालू असले की तिथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून साचेखात्यातली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरचा ओठांवरून वाचतो. वर्षानुवर्षं तसं काम केल्यावर यांचे कान मंदावले. घरात मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर यांना कळायचं नाही, पण लांब गल्लीच्या टोकाला दोघं जण काय कुजबुजतायत ते हे खिडकीतून वाचून सांगायचे!

संप झाला, गिरणी काही परत उघडली नाही. संपाच्या दिवसांत हे एका ओळखीच्याच्या ट्रकवर गाडी चालवायला शिकले होते. होतं नव्हतं ते घालून आणि माझ्या पाटल्या मोडून आम्ही एक जुनी पिकअप घेतली. आम्ही राहायचो त्या मुलुंडमधल्याच एका कारखान्यातले पत्र्याचे डबे अंधेरीला पोचवायचं काम मिळालं. गावी यांचे धाकटे भाऊ, आमचे भावोजी, सारखे म्हणत होते, "दादा, गावाक ये. आंब्याची कलमां आसत, घर आसा." तेव्हा यांनी सांगून टाकलं, गाडी चालली तर मुंबई, नाही चालली तर गाव.

मला गाव आवडतं. पण आमची सुनंदा आठवीत होती आणि हुशार होती. मी स्वतः मॅट्रिकला थांबले. ती थांबू नये, एवढंच माझ्या मनात होतं. गाडी गेली की मुलुंड गेलं आणि मुलुंड गेलं की सुनंदाची शाळा गेली.

घाटकोपरहून गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी मी यांच्या शेजारी बसले होते. हे एकदम खूश!

"एकदम गप गाडी आसा गो! इंजिन चालू आसा का नाय ताच कळणा नाय!"

मला मात्र मागून एखादं विमान पाठलाग करत असल्यासारखं वाटत होतं. मी यांच्या गुडघ्यावर चापट मारली. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

"आवाज येतोय," मी म्हटलं.

"खंयसून?"

"मागून!"

त्यांनी आरशात नीट निरखून पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि मला धीर दिला.

"मागे कोण नाय गो!"

* * *

त्यानंतर आमची एक पद्धत ठरली. मी बोलले की हे रस्ता सोडून माझ्या तोंडाकडे बघायचे, ते काही खरं नव्हतं. म्हणून मी डॅशबोर्डवर हात ठेवायचा आणि आवाज किती येतोय ते बोटांनी दाखवायचं. एक बोट म्हणजे थोडा, पाच म्हणजे खूप. पहिले काही दिवस मला हात मिटताच आला नाही.

पाच बोटांची गाडी घेऊन आम्ही गौतम मेस्त्रींकडे गेलो. त्यांचं गॅरेज आमच्या घरापासून जवळ होतं. मूळचे अकोल्याकडचे, अंगाने दणकट आणि बोलायला त्याहून दणकट. चूक झाली तरी ती अशा थाटात कबूल करायचे, की आपणच काहीतरी चुकलो असं समोरच्याला वाटावं.

"कसा आवाज येतो?" त्यांनी यांना विचारलं.

यांनी माझ्याकडे बोट केलं.

"वहिनी, तुम्ही सांगा. कसा?"

मी खूप विचार करून सांगितलं, "पिठाच्या चक्कीत दाणे संपल्यावर येतो ना, तसा."

"रिकाम्या चक्कीचा. बरं. कधी येतो?"

"पवईच्या चढावर ओरडते. उतारावर लागलो की रडते."

गॅरेजमधले दोन ड्रायव्हर हसायला लागले. मेस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "हसू नका रे. तुमच्यापैकी कुणी मला इतकं नीट सांगितलंय कधी? तुम्ही सांगता, ‘मेस्त्री, पीछे कुछ तो लोचा है!’"

मग गाडीखाली जाऊन, गोळ्याचा बोल्ट काढून, बोट बुडवून त्यांनी निकाल दिला. आतले दाते झिजलेत. बदलायचे तर भारी पडेल, शिवाय सामान मिळायला वेळ लागेल. तोवर तेल बदलून बघा. "एकशे चाळीस नंबर घाला. जाडजूड तेल. म्हातारं माणूस कसं जाड गोधडी दिली की गप झोपतं, तशी गाडी गप झोपेल."

हे मान डोलावत होते. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "काय म्हणालो गो तो? ओठांवर मिशी केवढी, कायेक वाचूक येना नाय!"

* * *

तेल आणायला मी गेले. आमच्या बाजारात हंसराजभाईंचं दुकान होतं. तिथे मोटारीची तेलं आणि ग्रीस मिळायचं. दुकानात बाई माणूस आलेलं बघून त्यांनी आधीच सांगून टाकलं, "बेन, खोबरेल समोरच्या दुकानात."

"मला गिअर ऑइल पाहिजे. एकशे चाळीस."

हंसराजभाई गादीवर सरळ बसले. "सुटं की डब्यातलं?"

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी आपली घाण्यावर तेल घ्यायला जाते तशी म्हटलं, "आधी वास बघू द्या."

त्यांनी पिंपाची तोटी सोडून बोटभर तेल माझ्यापुढे धरलं. काळपट, मधासारखं दाट. वास काही विशेष नव्हता. सुटं स्वस्त होतं, तेच घेतलं.

एकशे चाळीस घातलं आणि खरंच आवाज उतरला! मी तीन बोटं दाखवली. हे इतके खूश झाले की त्यांनी मला वाटेत उसाचा रस पाजला. पण गाडी जड झाली. सकाळी निघताना दोन माणसांनी ढकलावं असं वाटायचं. आणि अंधेरीहून परत आलो की गोळा इतका तापायचा, की आमच्या बिल्डिंगमधली पांढरी मांजर रोज संध्याकाळी गाडीखाली शिरून त्याला पाठ लावून झोपायला लागली.

मला काळजी वाटली. मी गॅरेजमध्ये जाऊन विचारलं, "मेस्त्री, एवढा तापलेला चालतो का?"

"मांजर बसतेय ना अजून?"

"बसते."

"मग चालतो. मांजर पळाली की सांगा!"

पुढच्याच आठवड्यात मांजर पळाली.

* * *

त्याच सुमारास भावोजी गावाहून आले. बरोबर कोकम, कुळीथ आणि बाटलीभर कडू तेल. कडू तेल म्हणजे उंडीच्या बियांचं. आमच्याकडे ते होड्यांच्या लाकडाला लावतात, पूर्वी दिव्यातही घालायचे, आणि सांधे दुखले की त्याने चोळतात. माझे गुडघे दुखतात म्हणून त्यांनी मुद्दाम आणलं होतं.

भावोजींना गाडी आवडली नाही. तिच्याभोवती एक फेरी मारून, बैल नापसंत करावा तशी त्यांनी नापसंत केली. "दादा, म्हातारी झाली ही. सोड तिका. चल गावाक."

रात्री जेवताना तेलाचा विषय निघालाच. यांनी सगळं सांगितलं, एकशे चाळीस कसं, आवाज कसा, मांजर कशी. भावोजी ऐकून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी पवईच्या चढावर हात डॅशबोर्डवर ठेवला आणि माझं मलाच खरं वाटेना. दोन बोटं! उतारावर तर दीड!

"काय केलंत तुम्ही?" मी यांना विचारलं.

"मी कायेक केलंय नाय!"

दोन दिवस आम्ही आनंदात. तिसऱ्या दिवशी गाडीने असा गळा काढला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. गाडी कशीबशी गॅरेजला नेली, भावोजीही बरोबर आले. मेस्त्रींनी खालचा बोल्ट काढून तेल सोडलं, ते खाली ठेवलेल्या घमेल्यात पडलं, आणि त्यांनी नाक वर केलं. पुन्हा वाकून वास घेतला.

"वहिनी, ह्यात देवाचा दिवा लावला होता काय?"

मी मागे वळून भावोजींकडे पाहिलं. ते बाकावर शांत बसले होते. त्यांनी काहीच लपवलं नाही.

"वैनी, तुज्या गुडघ्यांका बरा वाटला मा त्या तेलान?"

"वाटलं."

"मगे! माणसाचो सांधो काय नि गाडयेचो सांधो काय, सांधो तो सांधो!"

मेस्त्रींनी घमेलं बाजूला सरकवलं. मग मला हळूच विचारलं, "बाटलीत थोडं उरलंय का? माझा खांदा धरलाय."

* * *

त्या दिवशी मेस्त्रींनी आपलं मत बदललं. म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आधीपासून त्यांचं मत हेच होतं!

"एकशे चाळीस कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच!"

"ते गोधडी म्हणून. औषध वेगळं असतं." मग दोन मुठी एकमेकींवर घासून त्यांनी मला समजावलं. या गोळ्यातले दाते एकमेकांवर जोर लावून घासतात. त्या दाबाखाली साधं तेल निसटून जातं आणि लोखंडावर लोखंड घासतं. म्हणून यात नव्वद नंबरचं, पण दाबाचं औषध मिसळलेलं तेल लागतं. त्याला ई.पी. म्हणतात. "आणि डब्यातलंच आणा. सुटं नको. सुट्यात काय येईल सांगता येत नाही. तोवर चालवायला एकशे चाळीसच भरून देतो."

"ओळखायचं कसं?"

"नाकाने! औषधाचं तेल असेल तर लपणार नाही."

ते अगदी खरं निघालं. हंसराजभाईंनी डब्याचं झाकण उघडून दाखवलं आणि मी मागे सरकले. विझलेली आगकाडी आणि नासलेलं अंडं एकत्र केल्यासारखा वास!

"आ असली माल छे, बेन," हंसराजभाई अभिमानाने म्हणाले.

नेमकं त्या दिवशी विलेपार्ल्याला माझ्या मावसबहिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हे माल घेऊन अंधेरीला चाललेच होते, म्हणाले वाटेत सोडतो. मी नवं पातळ नेसून गाडीत बसले. उघडलेला डबा मागे सांडेल म्हणून पायाशी घेतला. पवईच्या खड्ड्यांत तो एकदा कलंडला, मी लगेच सावरला. थोडंसंच सांडलं. पदराच्या टोकाला लागलं असेल, माझ्या ध्यानात आलं नाही.

पार्ल्याला बायका गोल करून बसल्या होत्या. मी जाऊन बसले. थोड्या वेळाने माझ्या शेजारच्या बाईंनी नाक ओढलं. मग त्यांच्या शेजारच्या बाईंनी. मावसबहीण हातातलं तबक टाकून आत धावली.

"गॅस! गॅस सुटलाय! कुणी दिवा लावू नका!"

एकच गडबड! खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला, आतल्या खोलीतून आजीबाईंना खुर्चीसकट उचलून आणलं. आम्ही सगळ्या तिळगूळ हातात धरून गॅलरीत उभ्या. आणि मग मला माझा पदर दिसला.

मी लगेच सांगून टाकलं. "अहो, गॅस नाही. मी आहे!"

सगळ्या परत आत येऊन बसल्या. कुणी काही बोललं नाही, पार्ल्याची माणसं सभ्य. हळदीकुंकू झालं, गुलाबपाणी झालं. मग एक मुलगी अत्तर लावत लावत आली. माझ्या शेजारच्या बाईंच्या हाताला लावलं. माझ्यापर्यंत आली, क्षणभर थांबली, आणि पुढे गेली.

"मावशी, तुमचं लावून झालंय ना?"

* * *

ते एकशे चाळीस काढून नव्वद ई.पी. भरायचं काम यांनी स्वतः केलं. मेस्त्रींनी सांगितलं होतं, "बाजूच्या भोकातून भरत जा. तेल भोकाच्या काठाशी आलं, सांडायला लागलं, की भरलं." सोपं होतं. यांनी आमच्या गल्लीत गाडी उभी करून भरलं. लगेचच सांडायला लागलं! डब्यात निम्मं तेल उरलं.

"बघ, तेल वाचला!" हे खूश.

मला ते पटेना. मी हंसराजभाईंना विचारलं, एवढ्या मोठ्या गोळ्यात एवढंसं तेल कसं मावतं? त्यांनी मेस्त्रींना निरोप धाडला. मेस्त्री आले, गाडीकडे न बघता आमच्या गल्लीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. आमची गल्ली डोंगराकडे चढत जाणारी. गाडी नाक वर करून उभी. तिरक्या गोळ्यात तेल एका बाजूला जमून भोकातून बाहेर पडत होतं आणि आत अर्धा गोळा कोरडा!

"सपाट जागा पाहिजे," मेस्त्री म्हणाले. "वहिनी, परात द्या. आणि तांब्याभर पाणी."

मग परातीत पाणी घेऊन आमची वरात निघाली. मेस्त्री रस्त्यावर परात ठेवायचे, वाकून पाणी कुठल्या काठाला जातंय ते बघायचे, "नाही" म्हणायचे आणि पुढे जायचे. शाळेसमोर नाही. देवळासमोर नाही. रेशनच्या दुकानासमोरच्या रांगेने आम्हाला विचारलं, "काय, कुणाची पत्रिका बघताय?"

शेवटी पाणी चारी बाजूंनी सारखं राहिलं ते बरोबर हंसराजभाईंच्या दुकानाच्या दारात! गाडी तिथे आडवी लावली. दुकान बंद झाल्यासारखंच झालं. हे गाडीखाली, मेस्त्री यांच्या शेजारी, मी डबा धरून. आत गादीवर हंसराजभाई एकटेच. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग गाडीच्या खालून वाकून विचारलं,

"परात तो आणलीच आहे, बेन. जेवण पण इथेच वाढू काय?"

* * *

तेल बरोबर पडलं. गोळा तापायचा थांबला. गाडी हलकी झाली. मांजर परत आली आणि पुन्हा नाराज होऊन गेली, कारण आता ऊब पुरेशी नव्हती. पाच बोटांवरून आम्ही दोनावर आलो आणि दोनावरच राहिलो.

मेस्त्रींनी स्पष्ट सांगितलं होतं, "दाते झिजले ते झिजले. तेल त्यांना नवे दात देणार नाही. पण आता चालेल."

"किती चालेल?"

"ते मी नाही सांगू शकत, वहिनी. माझं स्वतःचं पण नाही सांगू शकत."

हे रोज पवईच्या चढावर माझ्या हाताकडे बघायचे. मी रोज दोन बोटं दाखवायचे. एकच दाखवावं, किंवा हात मिटून ठेवावा, असं मनात येऊन जायचं. पण यांचे कान मी होते. कानाने खोटं सांगितलं तर माणसाने जायचं कुठे?

एके दिवशी हे म्हणाले, "अजून दोनच?"

"दोनच. आधी पाच होती!"

"दोन म्हंजे आवाज आसाच मा!"

झालं. त्या दिवसापासून यांच्या मनाने घेतलं. ज्या गोष्टी आपल्याला ऐकू येत नाहीत त्यांची माणसाला जास्त भीती वाटते. एखाद्या दिवशी माल भरलेला असताना चढावर गोळा फुटला तर? गाडी चालतेय तोवर विकावी आणि गावी जावं. गावी परत गेलेल्या भावोजींना तसं कळवलंसुद्धा. सुनंदाने अभ्यासाची पुस्तकं एका बाजूला नीट रचून ठेवली. ते बघून मला जेवण गेलं नाही.

गाडी विकायची आहे कळल्यावर स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी लगेच सल्ले दिले. त्यातला एक फार प्रसिद्ध आहे म्हणे. गोळ्यात पिकलेली केळी सालासकट घालायची. दाते त्यात रुततात आणि गिऱ्हाईक बसलेलं असेपर्यंत अजिबात आवाज येत नाही!

"वहिनी, फक्त चार केळी! झकास काम होतं!"

मी म्हटलं, "आमच्या घरात केळं एक तर देवापुढे जातं, नाहीतर मुलीच्या डब्यात. गाडीला केळं खाऊ घालायची पद्धत आमच्यात नाही."

यांना मी ते ओठ हलवून सांगितलं तेव्हा हे इतके हसले की ड्रायव्हर ओशाळले. मग म्हणाले, "आसा तशी दाखवूया. घेतल्यान तर घेतल्यान."

* * *

गिऱ्हाईक आलं मानखुर्दहून. परब नावाचे गृहस्थ, यांच्याच वयाचे, मालवणकडचेच. गाडी भाड्याने चालवायची म्हणून शोधत होते. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, टायरांवर लाथा मारल्या, मागचा हौदा ठोकून पाहिला. मग म्हणाले, चालवून बघू.

मी बरोबर जायचा तसा प्रश्न नव्हता, पण यांच्याबरोबर गाडीत मी असायचीच. मी मधे बसले. एका बाजूला हे, एका बाजूला परब. जाताना यांनी चालवली. आम्ही जकात नाक्याकडे निघालो. मी सवयीने डॅशबोर्डवर हात ठेवला, दोन बोटं वर. परबांनी विचारलं तर खरं ते सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते मान एका बाजूला कलती करून फार लक्ष देऊन ऐकत होते.

नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती, तिथे आम्ही थांबलो. पुढे इंजिन घरघरत होतं, मागे कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. एवढ्यात परबांनी माझ्या डोक्यावरून यांच्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. आवाज न काढता!

यांनी चमकून पाहिलं. मग यांचे ओठ हलले.

परबांनी दोन्ही हातांनी माग ओढल्यासारखं केलं. यांनी छातीवर हात ठेवला आणि बोटांनी कितवा साचा ते दाखवलं असावं. परब हसले. हे हसले. आणि मग जे बोलणं सुरू झालं म्हणता! इतक्या वर्षांत यांना एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं. डोळे, भुवया, बोटं, सगळं चालू. मधेच दोघांचे डोळे भरले, लगेच मधेच दोघं मांडीवर थापा मारून हसले. मी मधे बसले होते, तिघांत फक्त मलाच धड ऐकू येत होतं, आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही!

रांग पुढे सरकली की मी दोघांना कोपराने ढोसत होते, तेवढंच माझं काम.

परत येताना परबांनी चालवली. चढावर त्यांनी मुद्दाम जोर दिला. मागून तो सूर निघाला, बारीक, पण सरळ कानात येणारा. परब मान कलती करून ऐकत होते. यांनीही मान कलती केली होती. दोघांच्या चेहऱ्यावर देवळात असावी तशी शांती. मी माझ्या दोन बोटांकडे बघत बसले.

घरासमोर उतरल्यावर परबांनी गाडीच्या पाठीवर हात फिरवला, यांना मिठी मारली, मला "येतंय वैनी" म्हणून नमस्कार केला आणि चालत स्टेशनकडे निघून गेले.

मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, ओठ नीट दिसतील अशी.

"काय झालं? घेणार का नाही?"

"नाय."

"का? आवाज आला त्यांना?"

"आवाज?" हे माझ्याकडे बघतच राहिले. "गाळी घातल्यान माका त्याणी. तो म्हणालो, खुळो काय रे तू? इतकी गप गाडी कोण इकता?"